कागदी लिंबाचा जमाखर्च

पान वाढण्याचा जो जुना दंडक आपल्याकडे आहे, त्यात पानाच्या शिरोभागी प्रथम मीठ पडते आणि त्याच्या शेजारी लिंबाची फोड येते. मग चटणी, कोशिंबीर, लोणचे ही डावीकडची मंडळी, आणि त्यानंतर भाजी, आमटी, वरणभात हे खरे कर्तेसवरते पदार्थ. त्या फोडीने कोणाचे पोट भरत नाही, आणि तरीही ती वाढावयाची राहून गेली तर वरणभाताचा पहिला घास उचलण्यापूर्वीच पंगतीतून हाक येते. हा क्रम ज्या कोणी ठरविला त्याला आहारशास्त्राचे ग्रंथ ठाऊक असण्याचा संभव नाही; पण लिंबाची योग्यता आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्याने अचूक ओळखल्या होत्या, असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे. लिंबू स्वतःच्या गाठीचे थोडेच देते. दुसऱ्या अन्नात जे असते ते आपल्या पदरात पाडून देण्याची मध्यस्थी मात्र ते उत्तम करते.

अलीकडे मात्र या मध्यस्थाला पानातल्या त्याच्या जागेवरून उचलून थेट धन्वंतरीच्या आसनावर बसविण्याची चढाओढ लागलेली दिसते. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतला की चरबी वितळते, रक्त अल्कधर्मी होते, मधुमेह पळतो, इतकेच नव्हे तर कर्करोगही हटतो, असे संदेश भ्रमणध्वनीवर रोज फिरत असतात आणि चांगली सुशिक्षित माणसे ते पुढे पाठवीत असतात. यांतील एकाही दाव्यास आधार नाही. रक्ताची आम्लता आपली फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या अत्यंत अरुंद मर्यादेत अहोरात्र राखीत असतात. त्यांच्या अंमलात एका लिंबाने ढवळाढवळ करावी इतका तो कारभार ढिला नाही. कोमट लिंबूपाण्याने कोणाचे वजन उतरलेच असेल, तर ते बहुधा सकाळचा दोन चमचे साखरेचा चहा सुटल्यामुळे. आणि त्या पाण्यात दोन चमचे मध घातला असेल तर तोही हिशेब फिटला.

लिंबाच्या अंगी खरोखर काय आहे, याचा जमाखर्च मांडण्यापूर्वी आपण कोणत्या फळाविषयी बोलत आहोत त्याचा खुलासा केलेला बरा. आपल्या मंडईत मिळते ते कागदी लिंबू. साल कागदासारखी पातळ म्हणून कागदी. ईडलिंबू, महाळुंग, पपनस, संत्रे, मोसंबे ही सारी याच्या कुळातली. आणि वनस्पतींच्या आनुवंशिक तपासणीतून आता असे निश्चित झाले आहे की कागदी लिंबू हे महाळुंगाच्या आणि आग्नेय आशियातील पापेडा जातीच्या एका रानटी झाडाच्या संकरातून जन्मलेले अपत्य होय. कोल्हापूरच्या महालक्ष्मीने हाती धरलेले महाळुंग ज्यांनी पाहिले असेल त्यांना या छोट्या फळाचे घराणे किती जुने आणि मानाचे आहे हे सांगावयास नको. जरी आपल्या भाषेने त्याच्या आकारावरून खेळातल्या कच्च्या भिडूस ‘लिंबूटिंबू’ म्हणण्याची प्रथा पाडली असली तरी! भूमध्य समुद्राकाठी पिकणारे, जाड सालीचे, लांबट पिवळे लिंबू हे याचे सावत्र भावंड. त्याच्याही जन्मदात्यांत महाळुंग आहे, पण दुसरे अंग कडू नारिंगाचे आहे. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय नाही. त्यापायी एकदा पुष्कळ माणसांचे हाल झाले आहेत, आणि ती हकीकत लिंबाच्या गुणदोषांचा विचार करताना अवश्य ध्यानी घेण्याजोगी आहे.

लांबच्या समुद्रप्रवासात ताज्या अन्नावाचून राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहू लागे, जुन्या जखमा पुन्हा उघडत, अंग गळून जाई आणि अखेर माणूस दगावे. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ च्या मे महिन्यात ‘सॉल्सबरी’ नावाच्या इंग्रज युद्धनौकेवर जेम्स लिंड या वैद्याने अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांना अन्न सारखे दिले, आणि प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय चालू केला: एकीला सफरचंदाची आंबवलेली दारू, एकीला पातळ केलेले गंधकाम्ल, एकीला शिरका, एकीला समुद्राचे पाणी, एकीला लसूण-मोहरी इत्यादींचे चाटण, आणि एकीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळांचा साठा संपला. पण तेवढ्यात त्या जोडीतला एकजण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला होता. लिंडने १७५३ मध्ये ग्रंथ लिहून हे सारे प्रसिद्ध केले. तथापि आरमारातील सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघावयास १७९५ साल उजाडले, आणि लिंड त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. सरकारी दफ्तराची चाल सर्वत्र सारखीच असते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आरमाराने भूमध्य प्रदेशातील त्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील आपल्याच वसाहतींत पिकणारे कागदी लिंबू खरेदी करण्याचे ठरविले. ते अधिक आंबट, म्हणून अधिक गुणकारी, असा समज होता. त्याचा रस काढून, साठवून, जहाजांवर चढवून पाठविला गेला. आणि १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेतील माणसे तो रस घेत असतानाही स्कर्व्हीने अंथरुणास खिळली. कारण कळावयास पहिले महायुद्ध संपत यावे लागले, तेव्हा लंडनच्या लिस्टर संस्थेतील प्रयोगांत कागदी लिंबाच्या रसाची स्कर्व्हीविरोधी शक्ती पिवळ्या लिंबाच्या सुमारे चतुर्थांशच भरली. खरा गुण ‘क’ जीवनसत्त्वाचा होता, आणि आंबटपणा हे त्याचे गमक नव्हे. लिंडच्या गंधकाम्ल पिणाऱ्या जोडीला आंबटपणाची कमतरता खासच नव्हती!

आता हा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. कागदी लिंबाच्या शंभर ग्रॅम रसात ‘क’ जीवनसत्त्व साधारण ३० मिलिग्रॅम असते. मध्यम आकाराच्या एका लिंबातून फार तर २० ग्रॅम रस निघतो. म्हणजे अख्ख्या लिंबामागे हाती पडतात सुमारे सहा मिलिग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ पुरुषासाठी रोज ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. ती केवळ लिंबावर भागवावयाची तर पुरुषास दिवसाला तेरा-चौदा लिंबे पिळून घ्यावी लागतील, आणि तसे करणाऱ्याचे दात व जठर काय म्हणतील ते पुढे येईलच. याउलट एका मध्यम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या घरात हे जीवनसत्त्व असते, आणि आवळा तर त्याहूनही संपन्न. तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वासाठी लिंबू, हे जे समीकरण शाळेच्या पुस्तकापासून आपल्या मनात बसले आहे, ते थोडे सैल करावे. पेरू आणि आवळे मिळत असतील तेव्हा ते खावेत आणि लिंबाकडून त्याला साजेल तेच काम घ्यावे.

ते काम कोणते? माझ्या मते त्यातले पहिले आणि सर्वांत मोलाचे काम म्हणजे धान्य, कडधान्य आणि पालेभाज्यांतील लोह अंगी लावणे. वनस्पतिजन्य अन्नातील लोह ज्या रूपात असते ते आपल्या आतड्याला सहज शोषता येत नाही. त्यातले बरेचसे जसे आले तसे निघून जाते. ‘क’ जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप पालटून ते शोषण्याजोगे करते आणि लिंबातील सायट्रिक आम्ल त्याला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवते. म्हणजे मटकीच्या उसळीवर, माठाच्या वा चवळीच्या भाजीवर, पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत केवळ जिभेच्या लाडाची नाही. आपल्या घरोघरच्या स्त्रियांत आणि वाढत्या मुलींत रक्तक्षय किती पसरलेला आहे हे पाहता या साध्या गोष्टीचा प्रसार मध-लिंबाच्या चौपट व्हावयास हवा होता. अर्थात् चार थेंबांनी चमत्कार होणार नाही. उसळीच्या वाटीवर निदान अर्धे लिंबू सढळ हाताने पिळावे, सोबत कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर असावी, म्हणजे लिंबाचे अपुरे बळ भरून निघते. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या चहा-दुधाबरोबर न घेता लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात.

आणि येथेच आपल्या एका लाडक्या सवयीविरुद्ध तक्रार नोंदविणे भाग आहे. पोह्यांवर लिंबू पिळावयाचे आणि लगेच त्यावर वाफाळलेला चहा घ्यावयाचा, हा महाराष्ट्राचा जवळजवळ राष्ट्रीय उपक्रम आहे. परंतु चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये त्याच लोहाला पकडून निरुपयोगी करतात, म्हणजे लिंबाने एका हाताने मिळविलेले चहा दुसऱ्या हाताने घालवितो. पोहे आणि चहा यांच्यामध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. हा सल्ला पाळणे किती कठीण आहे याची मला पुरती जाणीव आहे, कारण मी स्वतः तो आठवड्यातून दोन-तीन दिवसच पाळू शकतो.

दुसरी एक गोष्ट याच ओघात सांगितली पाहिजे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. तेव्हा कढईखाली जाळ असताना लिंबू पिळू नये; पदार्थ उतरवून, पानात वाढून, मग पिळावे. पानात मिठाशेजारी फोड ठेवण्याच्या रिवाजात ही सोय आपोआपच झालेली आहे. सकाळी रस काढून रात्री वापरणे किंवा चिरलेले लिंबू दिवसभर उघडे ठेवणे हेही त्याच कारणाने टाळावे.

उन्हाळ्यातील सरबताविषयी निराळी प्रस्तावना नको. घाम फार गेल्यावर पाणी, थोडे मीठ आणि थोडी साखर यांची शरीराला गरज असते आणि लिंबू ती तिन्ही घशाखाली उतरण्याजोगी करते. पेल्याला तीन-तीन चमचे साखर ओतणारे लोक मात्र सरबत करीत नसून पाक करीत असतात. मधुमेही माणसाने साखर वगळावी, रक्तदाब असलेल्याने मीठ. जुलाब-वांत्यांनी अंगातील पाणी आटत असेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारी जलसंजीवनीची पुडी हाच मुख्य इलाज. ती हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोटाघोटाने द्यावे. रोग्यास चव यावी म्हणून त्यात लिंबाचे काही थेंब टाकण्यास हरकत नाही, पण लिंबू आहे म्हणून मिठा-साखरेचे प्रमाण बदलू नये. पटकीचे जंतू आम्लात तग धरीत नाहीत हे खरे आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात १९९० नंतरच्या दशकात साथ आली असता जेवणातील रश्शात लिंबू पिळणाऱ्यांना तिची बाधा कमी झाल्याचे तपासणीत आढळले होते. म्हणून पाणी उकळण्याचा कंटाळा करून त्यात लिंबू पिळण्याची पळवाट मात्र कोणी काढू नये.

मुतखड्याच्या बाबतीत लिंबाची कीर्ती सर्वस्वी खोटी नाही, पण ती नीट समजून घेतली पाहिजे. लिंबातील सायट्रेट मूत्रात उतरते, तेथील कॅल्शियमला आपल्याशी बांधून घेते आणि त्यामुळे नवा खडा जमण्यास अडथळा होतो. झालेला खडा याने विरघळेल अशी आशा धरू नये. ज्या प्रयोगांत हा गुण दिसला त्यांत रोजचे प्रमाण सुमारे १२० मिलिलिटर रस, दोन लिटर पाण्यात, असे होते. म्हणजे कागदी लिंबे सहा-सात तरी झाली. इतके लिंबू रोज घ्यावयाचे ते डॉक्टरांना विचारूनच. पाणी भरपूर पिणे हा यातला खरा धनी, लिंबू त्याचा कारकून.

आता खर्चाची बाजू. मी स्वतः एका हिवाळ्यात, कोणाच्या तरी आग्रहावरून, रोज पहाटे लिंबूपाणी चूळ भरल्यासारखे तोंडात घोळवून पिण्याचा नेम धरला होता, आणि तो संपताच लगबगीने दात घासीत असे. चार महिन्यांत दात असे आंबले की गार पाण्याचा घोट घेतला तरी कळ मस्तकात जाई. दंतवैद्याने मला नेम विचारला, आणि औषध न देता नेम तेवढा सोडावयास लावला. लिंबाचा रस इतका तीव्र आम्ल असतो की दातावरचे कठीण कवच त्याने तात्पुरते मऊ पडते, आणि त्याच वेळी ब्रश फिरविला की ते झिजते. एकदा झिजलेले कवच पुन्हा येत नाही. म्हणून लिंबूपाणी पातळ करून, घोळत न बसता प्यावे, त्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास ब्रशला हात लावू नये. लहान मुलांना मीठ लावून फोड चोखावयास देण्याची सवय मोडावी. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा जठरव्रणाचा त्रास आहे त्यांनी अनशापोटीचे लिंबू सोडलेलेच बरे.

त्वचेच्या संबंधात तर माझे मत अधिक कडक आहे. चेहरा उजळावा म्हणून लिंबाची फोड गालावर घासण्याचा सल्ला वृत्तपत्रांच्या स्त्रीविषयक पुरवण्यांनी वर्षानुवर्षे दिला. कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर एक-दोन दिवसांत तेथे भाजल्यासारखी लाली उठते, कधी फोड येतात, आणि त्यानंतर पडलेला काळा डाग कित्येक आठवडे, क्वचित महिनोन्‌महिने जात नाही. गोरेपणाच्या नादात हाती काळे डाग येण्याचा हा व्यवहार कोणी करावा? उन्हात बसून सरबतासाठी शेकड्याने लिंबे पिळणाऱ्यांनीही हात साबणाने स्वच्छ धुऊन मगच उन्हात फिरावे.

याच कुळातील पपनसाविषयी एक सूचना येथेच उरकून टाकतो: पपनस आणि त्याच्यापासून निपजलेले ग्रेपफ्रूट ही फळे कोलेस्टेरॉलच्या, रक्तदाबाच्या आणि इतर काही औषधांचा शरीरातील निचरा रोखतात, तेव्हा अशी औषधे नित्य घेणाऱ्यांनी ती खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जेवणातल्या लिंबाच्या फोडीबद्दल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

भांड्यांचा विचार आपल्या आज्या आपल्याहून अधिक करीत. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आंबट ठेवले की ते कळकते, हे त्यांना पाठ होते. तांब्या-पितळेला लिंबू लागताच ते लखलखते याचा अर्थच असा की धातूचा अंश त्या रसात उतरतो. देवाची उपकरणी घासण्यासाठी ते उत्तम, पण तांब्याच्या लोट्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी त्यातच लिंबू पिळणे हे विपरीत. रस काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यात ठेवावा. पिळून उरलेल्या साली मात्र फेकू नयेत. मीठ लावून त्यांनी लाकडी पाट, पोळपाट आणि कोयत्या-विळीचे पाते घासून काढावे, मासळीचा वास तर याखेरीज दुसऱ्या कशाने जात नाही.

लिंबे घेताना रंगावर फार जाऊ नये. हातात घेतले असता आकाराच्या मानाने जड लागणारे, तुकतुकीत, पातळ सालीचे, दाबले असता किंचित दबणारे लिंबू रसाळ असते. साल खरबरीत आणि जाड असेल तर पैसे सालीचे पडतात. सालीवर खैऱ्या रोगाचे तपकिरी खडबडीत ठिपके असले तरी आतल्या रसाला बाध येत नाही, आणि मंडईत असा माल स्वस्तही मिळतो. चिरण्यापूर्वी लिंबू तळहाताखाली दाबून पाटावर चार वेळा फिरविले की रस मोकळा होतो. बिया अगोदर काढाव्यात. बी चिरडले की सगळ्या पदार्थाला कडवटपणा येतो.

लोणच्याचे म्हणाल तर त्यात ‘क’ जीवनसत्त्व फारसे उरत नाही आणि मीठ मात्र पुष्कळ असते, म्हणून औषध म्हणून त्याची वकिली मी करणार नाही. आजारातून उठलेल्या, तोंडाची चव गेलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर त्याची एक फोड जे देते, ते कोणत्याही कोष्टकात मावणारे नाही. पिवळी, निकोप लिंबे धुऊन, पुसून, अगदी कोरडी होऊ द्यावीत. एकेकाच्या आठ फोडी कराव्यात, वजनाच्या सुमारे चतुर्थांश मीठ चोळून बरणीत भराव्यात, तोंडाला दादरा बांधून आठवडाभर उन्हे दाखवावीत आणि रोज बरणी हलवावी. तीन-चार आठवड्यांत साल मऊ पडते. मग तिखट, आणि गोडसर हवे असेल तर साखर वा गूळ. तेलाचा थेंबही लागत नाही. घाई तेवढी करू नये. न मुरलेल्या लोणच्याची साल कडू लागते आणि दोष फुकट लिंबाच्या माथी येतो.

या बेगमीची वेळ मात्र साधली पाहिजे. लिंबाला वर्षातून तीन बहार येतात: आंबिया, मृग आणि हस्त. बहुतेक फळ आंबिया बहाराचे, ते पावसाळ्यात उतरते. उन्हाळ्यात विक्रीला येणारे हस्त बहाराचे फळ सर्वांत थोडे, कारण त्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो तो ऐन पावसाच्या दिवसांत, आणि पाऊस काही बागाईतदाराचे ऐकत नाही. म्हणूनच ज्या महिन्यांत लिंबाची निकड सर्वाधिक, त्याच महिन्यांत ते दुर्मिळ होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना विकले गेले, ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. तेव्हा आषाढ-श्रावणात मंडईत लिंबांचे ढीग लागले की शंभर-दीडशे लिंबे एकदम घ्यावीत. निम्म्यांचे लोणचे घालावे. उरलेल्यांचा रस काढून, गाळून, बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि चैत्रापर्यंत त्याला हात लावू नये.